पेप्टाइड लायब्ररीतले सगळेच वेल (प्लेटवरचे छोटे खळगे) सारखे चमकतायत. एन्झाइमला आवडनिवड नाही, की प्रयोगातच गोम आहे?

हरभरा_आणि_अळी

नमस्कार मंडळी,

पुण्यात जीवरसायनशास्त्रात पीएचडी करतोय. विषय घाटेअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. कापूसवाले हिलाच हिरवी बोंडअळी म्हणतात. झाड स्वतःच्या बचावासाठी पानांत-बियांत प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना अडवणारे रेणू) भरून ठेवतं, आणि अळी ते खाल्ल्यावर वेगळीच ट्रिप्सिन्स (प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स) बनवायला लागते, ज्यांना हे इनहिबिटर लागू पडत नाहीत. अशाच एका न जुमानणाऱ्या ट्रिप्सिनवर मी बसलोय. पिकिया यीस्टमध्ये बनवलंय, शुद्ध केलंय, जेलवर एकच पट्टा येतो. बीएपीएनए (ट्रिप्सिन तपासायचं नेहमीचं सब्स्ट्रेट, म्हणजे कापायला दिलेला पदार्थ) मजेत कापतं. सोयाबीनच्या ट्रिप्सिन इनहिबिटरला फारशी दाद देत नाही.

मॅडमचं म्हणणं असं की आर्जिनिन-लायसिननंतर कापतं हे बारावीचा पोरगाही सांगेल, त्याच्या आधीच्या तीन जागांवर काय आवडतं ते शोध. म्हणून शेजारच्या लॅबकडून पोझिशनल स्कॅनिंग लायब्ररीची पी३ ची प्लेट मागून आणली. (कापाच्या लगेच आधीचं अमिनो आम्ल पी१, त्याआधी पी२, पी३, पी४; कापाच्या पलीकडचं पी१ प्राइम.) एसीसी टॅगवाली (कूमारिन जातीचा रंग, पेप्टाइड कापलं की सुटून चमकतो). पी१ ला आर्जिनिन कायम, पी३ ला प्रत्येक वेलमध्ये एकच ठरलेलं अमिनो आम्ल, पी२ आणि पी४ ला मिश्रण. सिस्टीन वगळलेलं, मेथिओनिनच्या जागी नॉरल्युसिन. म्हणजे १९ वेल, आणि प्रत्येकात १९ गुणिले १९, अशी ३६१ पेप्टाइडं.

एन्झाइम ५० नॅनोमोलर, एकूण सब्स्ट्रेट १०० मायक्रोमोलर, ग्लायसिन-एनएओएच, पीएच १० (अळीचं आतडं एवढं अल्कलाइन असतंच), ३० अंश. तासाभराने प्लेट रीडरवर रीडिंग.

१९ च्या १९ वेल जवळपास सारखे. ल्युसिन, ग्लुटामेट, ग्लायसिन, अगदी प्रोलिनसुद्धा.

याचा अर्थ एस३ खिशाला (एन्झाइममध्ये पी३ जिथे बसतो तो खिसा) खरंच काही फरक पडत नाही असा घ्यायचा का? पी२ आणि पी४ च्या प्लेटाही करणार आहे. समजा तिथे काही निघालं, तर प्रत्येक जागेवरचा पहिला नंबर जोडून जे पेप्टाइड बनेल तेच सगळ्यात चांगलं सब्स्ट्रेट, असं म्हणता येतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_पापी

अरे, ती अळी आहे. हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, जे मिळेल ते खाते. तिचं आतडं म्हणजे खानावळ, तिथे येईल त्याला पान वाढायचं. अशा एन्झाइमने नखरे केले तर अळी उपाशी मरेल. तुझा निकाल बरोबर असू शकतो. ह. घ्या.

रेझिनबाई

जुना_पापी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यावर नंतर येते.

"अगदी प्रोलिनसुद्धा" हे तुझ्या पोस्टमधले सगळ्यात कामाचे शब्द, आणि ते तू जाता जाता लिहिलेस. (तू म्हणतेय, चालेल ना? हैदराबादेत पेप्टाइडं बनवण्याच्या धंद्यात केस पांढरे झालेत माझे.)

ट्रिप्सिनच्या घराण्यात सब्स्ट्रेटचा पी३ चा कणा एन्झाइमच्या २१६ नंबरच्या ग्लायसिनशी हायड्रोजन बंधांनी बांधला जातो. त्यातला एक बंध पी३ च्या एनएचकडून येतो. प्रोलिनकडे तो एनएच नसतोच. त्यामुळे पी३-प्रोलिनचा वेल बाकीच्यांच्या मानाने गार पडायला हवा. असा वेल म्हणजे लायब्ररीत आयता बसवलेला कंट्रोल असतो. मी नवीन एन्झाइमची पी३ प्लेट हातात आली की आधी तोच वेल बघते. तो ग्लायसिन-ॲलानिनच्या बरोबरीने चमकत असेल, तर त्या प्लेटवरून एन्झाइमबद्दल काहीच बोलता येत नाही.

आता तुझेच आकडे घे. वेलमधल्या प्रत्येक पेप्टाइडची कॉन्सन्ट्रेशन १०० भागिले ३६१, म्हणजे साधारण ०.२८ मायक्रोमोलर. ही केएमच्या (ज्या कॉन्सन्ट्रेशनला एन्झाइमचा वेग निम्मा असतो) खूप खाली असते, म्हणून कापण्याचा वेग केकॅट/केएमच्या, म्हणजे एन्झाइम ते पेप्टाइड किती कार्यक्षमपणे कापतं त्याच्या, प्रमाणात चालतो. लायब्ररीची सगळी मदार या एका गोष्टीवर आहे. समजा एका पेप्टाइडचं केकॅट/केएम १० चा ६ वा घात आहे आणि दुसऱ्याचं १० चा ४ था, म्हणजे शंभरपट फरक. ५० नॅनोमोलर एन्झाइम टाकल्यावर पहिलं अर्धं संपायला १४ सेकंद लागतात, दुसरं अर्धं संपायला २३ मिनिटं. तू बघितलंस तासाभराने. तोवर पहिलं पूर्ण संपलेलं, आणि दुसरंही ८३ टक्के. शंभरपट फरक तुझ्या रीडरला १०० विरुद्ध ८३ असा दिसणार! त्यात ३६१ पेप्टाइडांची सरासरी, वर पिपेटिंगचा फरक, की झालं सपाट. (मिश्रणातली पेप्टाइडं एन्झाइमसाठी आपसात स्पर्धा करतात, त्यामुळे प्रत्यक्ष वेळा यापेक्षा लांबतील. पण त्यांच्यातलं प्रमाण केकॅट/केएमच ठरवतं.)

खात्री करणं सोपं आहे. नुसत्या एसीसीचा स्टँडर्ड कर्व्ह काढ आणि तुझी रीडिंग्ज मायक्रोमोलरमध्ये बदल. सगळे वेल १०० च्या जवळ येत असतील तर तुझ्या प्लेटमध्ये कापायला काही उरलेलंच नव्हतं. कर्व्ह वरच्या टोकाला वाकतोय का तेही बघ. सुटा एसीसी इतका झाला की तो स्वतःच प्रकाश शोषायला लागतो, आणि मग वरचे आकडे आणखी एकमेकांजवळ येतात.

पुन्हा करताना एन्झाइम १ नॅनोमोलर किंवा त्याहून कमी घे. दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग, आणि फक्त सुरुवातीचा उतार मोज. पुस्तकात "१० टक्क्यांपेक्षा कमी कापलं जाऊ द्या" असं लिहिलेलं असतं, ते एकट्या सब्स्ट्रेटसाठी. मिश्रणात १० टक्के म्हणजे १० मायक्रोमोलर, म्हणजे ३६ पेप्टाइडं मुळापासून संपली तरी तुझ्या हिशेबात सगळं आलबेलच. नेमकी ती ३६ च तुला हवी होती. म्हणून एक-दोन टक्क्यांतच आटप. एसीसी एएमसी या दुसऱ्या कूमारिन टॅगच्या सुमारे तिप्पट चमकतो, तेव्हा एवढ्यात सिग्नल पुरतो.

आणखी दोन गोष्टी. जेलवरचा एक पट्टा म्हणजे सगळे रेणू जिवंत आहेत असं नाही. एमयूजीबीने ॲक्टिव्ह साइट टायट्रेशन (जिवंत रेणूंची मोजदाद) कर, पण ते पीएच ८ च्या आसपास कर, कारण १० ला एमयूजीबीतला एस्टर आपोआप फुटायला लागतो. आणि १९५ चं सेरिन ॲलानिन केलेला, म्हणजे कापूच न शकणारा, म्युटंट त्याच पिकियात, त्याच पद्धतीने शुद्ध करून एका प्लेटवर चालव. ती प्लेट चमकली, तर कापणारा यीस्टचा प्रोटिएज आहे, अळीचा नाही.

पीएच १० बद्दल. लायसिनच्या बाजूच्या साखळीचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा भार बदललेला असतो) १०.५ च्या आसपास, टायरोसिनचा १० च्या आसपास. म्हणजे तुझ्या बफरमध्ये जवळपास पाव लायसिन विनाभार आणि टायरोसिन निम्मा ऋणभारित. त्या दोन वेलमध्ये तू एकाच अमिनो आम्लाची दोन रूपं एकत्र मोजतोयस. हे चूक नव्हे, अळीच्या आतड्यातही तेच होणार. पण पीएच ८ ची एक प्लेट बरोबर असली की फरक खिशाचा की भाराचा हे कळतं. पी१ ला आर्जिनिनवाली लायब्ररी मिळाली हे तुझं नशीब. त्याचा भार १० ला कुठे जात नाही.

एम_बाय_झेड

रेझिनबाई, +१. फ्लुओरेसन्समध्ये इतकं पडायचंच असेल तर ठीक आहे, पण मी असतो तर मास स्पेकवर (वस्तुमान मोजून पेप्टाइड ओळखणारं यंत्र) गेलो असतो.

पिक्स नावाची पद्धत आहे, व्हँकूव्हरच्या ओव्हरॉल ग्रुपची, २००८ ची. माणसाच्या पेशींतली सगळी प्रथिनं एका माहीत असलेल्या प्रोटिएजने चिरून त्यांचीच लायब्ररी करायची. सगळे अमाइन गट फॉर्माल्डिहाइडने डायमिथाइल करून बंद करायचे. मग आपलं एन्झाइम टाकायचं. त्याने जिथे कापलं तिथे नवीन अमाइन उघडं पडतं, त्याला बायोटिन लावायचं, ओढून काढायचं आणि सीक्वेन्स करायचं. हजारो नैसर्गिक पेप्टाइडं एका फटक्यात, कापाच्या दोन्ही बाजू दिसतात, आणि रेझिनवर (पेप्टाइड ज्या मण्यांवर जोडत नेतात ते) एकही पेप्टाइड बनवावं लागत नाही.

रेझिनबाई

शेवटचं वाक्य मनाला लागलं हो. माझ्या पोटावर पाय.

पिक्स छान आहे, मेटॅलोप्रोटिएजसाठी (धातूच्या मदतीने कापणारे प्रोटिएज) तर मी तेच सुचवेन. त्यांची सगळी ओढ पी१ प्राइमकडे असते आणि एसीसी नेमका त्याच जागेवर बसलेला असतो, म्हणून कूमारिनची लायब्ररी त्यांना निरुपयोगी. पण याचं एन्झाइम ट्रिप्सिन आहे! लायब्ररी ट्रिप्सिनने चिरली तर आर्जिनिन-लायसिन सगळे टोकाला जाऊन बसतील आणि याला कापायला मधे काही उरणार नाही. ग्लू-सी किंवा कायमोट्रिप्सिनने (दुसऱ्या जागी कापणारे प्रोटिएज) चिरली तर आर्जिनिन मिळतील, पण अमाइन बंद करताना लायसिनसुद्धा डायमिथाइल झालेले असतात, आणि डायमिथाइल लायसिनला ट्रिप्सिन सहसा शिवत नाही. मग लोगोत (प्रत्येक जागी आवडीचं अक्षर उंच दाखवणारं चित्र) पी१ ला फक्त आर्जिनिन दिसेल आणि कुणीतरी उत्साहात "लायसिन चालत नाही" असं थिसिसमध्ये लिहील.

एम_बाय_झेड

मान्य. ट्रिप्सिनसाठी पिक्स नको. मग एमएसपी-एमएस. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रेक ग्रुपने २०१२ मध्ये मांडलेलं. त्यांच्या मूळ संचात १४ अमिनो आम्लांची १२४ पेप्टाइडं होती, अमिनो आम्लांच्या शेजारच्या आणि एकाआडच्या जोड्या भरपूर येतील अशी आखलेली. काहीही बंद करावं लागत नाही. एन्झाइम टाका, ठरावीक वेळांनी नमुने काढा, कुठे कापलं ते मास स्पेक सांगतो.

हरभरा_आणि_अळी

सगळ्यांचे आभार. स्टँडर्ड कर्व्ह काढला. वेल सगळे भरलेलेच होते, म्हणजे शेवटाला पोचलेले. एन्झाइम कमी करून सुरुवातीचा उतार घेतला तर चित्र पालटलं. पी३-प्रोलिन एकदम तळाला. म्युटंटची प्लेट काळीकुट्ट, म्हणजे यीस्टचं काही नाही.

पण जुना_पापीही पूर्ण चुकले नाहीत. प्रोलिन सोडला तर पी३ वर बाकीच्यांत फार मोठा फरक नाही. पी२ वर जास्त आहे. पी४ वर पुन्हा मिळमिळीत. पेपरात कॅस्पेज नावाच्या प्रोटिएजांचे लोगो बघितले की एकेका जागी एकच उंच अक्षर असतं, तसं माझं कधी दिसणारच नाही का?

आणि ते जोडायचं राहिलंच. तिन्ही जागांचे पहिले नंबर घेऊन एक टेट्रापेप्टाइड मागवू का?

रेझिनबाई

नाही दिसणार, आणि तसं दिसावं म्हणून अक्ष ओढूताणू नकोस. पचनाचं ट्रिप्सिन पी१ सोडून बाकी जागांवर ढिलंच असतं. दोन-तीन पटींचे फरक खरे असू शकतात, फक्त ते वेगवेगळ्या दिवशी, एन्झाइमच्या वेगळ्या बॅचवर पुन्हा यायला हवेत.

जोडण्याबद्दल. पोझिशनल स्कॅनिंग एक गोष्ट गृहीत धरतं, की एस२ खिशाला एस४ मध्ये काय बसलंय याच्याशी देणंघेणं नाही. बऱ्याचदा ते खरं असतं, नेहमी नाही. पी२ ला काहीतरी जाडजूड बसलं आणि त्याने पेप्टाइडचा कणा किंचित वळला, तर पी४ ची आवड बदलते, आणि सरासरीत हे दिसत नाही.

शिवाय "सगळ्यात चांगलं कापतं" आणि "निसर्गात हेच कापतं" या दोन वेगळ्या गोष्टी. कॅस्पेजचंच घे. मर्कच्या लोकांनी १९९७ मध्ये पी१ ला ॲस्पार्टेट कायम ठेवून अशाच लायब्ररीने कॅस्पेज तपासले. कॅस्पेज-३ ला निघालं डीईव्हीडी (पी४ ते पी१, अमिनो आम्लांची एकअक्षरी नावं), आणि पेशीतलं त्याचं प्रसिद्ध सब्स्ट्रेट पार्प हेही डीईव्हीडी नंतरच कापलं जातं. सगळे खूश. कॅस्पेज-१ ला मात्र निघालं डब्ल्यूईएचडी. ते ज्याच्यासाठी ओळखलं जातं त्या इंटरल्युकिन-१ बीटाच्या पूर्वरूपात कापाची जागा आहे वायव्हीएचडी. पी२ आणि पी१ जुळले, पी३-पी४ नाही. प्रथिनात ती जागा बाहेर आलेली आहे का, एन्झाइम दुसरीकडे कुठे टेकतं का, हे टेट्रापेप्टाइडच्या लायब्ररीला कसं कळणार? आणि डीईव्हीडीचं म्हणशील तर कॅस्पेज-७ सुद्धा ते आनंदाने कापतं, तरी ते "कॅस्पेज-३ किट" म्हणून विकलं जातंच.

म्हणून एक नको, चार मागव. पी२ चा पहिला नंबर आणि एक मधला, पी४ चा पहिला आणि एक मधला, पी३ सगळ्यांत तोच, आणि यांच्या चारही जोड्या, दोन गुणिले दोनचा चौकोन. प्रत्येकाचं केकॅट/केएम वेगवेगळं मोज. पी२ बदलल्याने जेवढ्या पटीने वेग पडतो, तो पी४ काहीही असलं तरी तेवढाच पडत असेल, तर खिसे स्वतंत्र आहेत आणि तुझी लायब्ररी खरं बोलतेय. नसेल पडत, तर तुझ्या पेपरचा तोच गाभा. पी३-प्रोलिनचं पाचवं मागव, तळ दाखवायला. बनवणाऱ्याला सांग की एन-टोकाला ॲसिटिल हवं, नाहीतर कुठूनतरी आलेला अमिनोपेप्टिडेज तुझा पी४ कुरतडत बसेल. पाणी न आवडणारी पेप्टाइडं डीएमएसओत विरघळव, पण वेलमध्ये डीएमएसओ सगळीकडे सारखंच ठेव. पेप्टाइड साका होऊन खाली बसलं तर "न आवडणारं" म्हणून फुकट बदनाम होतं.

अवांतर: मिश्रणाच्या जागा कशा बनवल्या तेही लायब्ररी देणाऱ्याला विचार. व्हॅलिन-आयसोल्युसिन रेझिनवर सावकाश जोडले जातात, म्हणून मिश्रणात त्यांचं प्रमाण मुद्दाम जास्त घ्यावं लागतं. ते न करता बनवलेल्या लायब्ररीही बाजारात फिरतात, आणि दिसायला सारख्याच पांढऱ्या पुड्या.

एक मूळ प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही, मीही नाही. तुला ही आवड कशासाठी हवीय? इनहिबिटर का लागत नाही हे शोधायचं असेल, तर अर्धं उत्तर तुझ्या लायब्ररीत असूच शकत नाही. इनहिबिटरचा लूप एन्झाइमच्या फटीत सब्स्ट्रेटसारखाच बसतो, कापाच्या दोन्ही बाजूंनी. तुझ्या प्राइम बाजूला एसीसी आहे.

हरभरा_आणि_अळी

हेच मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग आधी कुणी का नाही बोललं?" (!)

पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मिरचीच्या पिन-२ प्रकारच्या इनहिबिटरांवर बरंच काम झालंय. त्यांच्या लूपचे सीक्वेन्स उपलब्ध आहेत. त्यातल्या दोन-तीन लूपभोवतीची १४ अमिनो आम्लांची पेप्टाइडं, कापाची जागा मधोमध ठेवून, आणि बाकी मिश्र संच, असं एम_बाय_झेड यांच्या पद्धतीने करायचं ठरतंय. चौकोनाची चार आणि प्रोलिनवालं एक, अशी पाच पेप्टाइडं वेगळी. मास स्पेकचा स्लॉट मिळतोय. एन्झाइम किती, वेळा कोणत्या ठेवू?

एम_बाय_झेड

लूपची पेप्टाइडं सुटी, सरळ असणार हे लक्षात ठेव. खऱ्या इनहिबिटरमध्ये डायसल्फाइड बंध लूपला ताठ धरून ठेवतात, म्हणून तो खूपच सावकाश कापला जातो. सुटं पेप्टाइड पटकन कापलं गेलं याचा अर्थ इनहिबिटर कापला जातो असा नाही. त्यासाठी अख्खा इनहिबिटर वेगळा चालव. लूपमध्ये सिस्टीन असेल तर पेप्टाइड मागवताना त्या जागी सेरिन टाक, नाहीतर दोन पेप्टाइडं एकमेकांना चिकटतील आणि वस्तुमानाचा मेळ लागणार नाही.

एन्झाइम १० नॅनोमोलरपासून सुरू कर, पेप्टाइड प्रत्येकी अर्धा मायक्रोमोलर. १५ मिनिटं, १ तास, ४ तास. १५ मिनिटांत जे दिसतं त्यालाच आवड म्हण, ४ तासांत जवळजवळ प्रत्येक आर्जिनिन-लायसिन कापला जाईल. प्रत्येक वेळी नमुना काढला की फॉर्मिक आम्लाने पीएच ३ च्या खाली आण, म्हणजे एन्झाइम थांबेल. आणि एन्झाइमशिवायचा ४ तासांचा नमुना विसरू नको. पीएच १० ला ॲस्परॅजिनच्या पुढे ग्लायसिन असेल तर डीअमायडेशन पटकन होतं, वस्तुमान एका डाल्टनने वाढतं, आणि सॉफ्टवेअरमध्ये तो बदल धरलेला नसेल तर ते पेप्टाइड यादीतून गायब होतं. मग वाटतं की एन्झाइमने खाल्लं.

लोगो काढताना पार्श्वभूमी म्हणून तुझ्याच संचातली सगळी पेप्टाइडं दे, कुठल्या जीवाचं अख्खं प्रोटिओम (सगळी प्रथिनं) नको. संच आखलेला आहे, त्यात अमिनो आम्लांचं प्रमाण निसर्गासारखं नसतं.

हरभरा_आणि_अळी

नोंद केली. लूपचे सीक्वेन्स व्यनि करतो, सेरिन कुठे टाकायचं ते जरा बघाल का? रेझिनबाई, चौकोनाच्या पाच पेप्टाइडांचं कोटेशन तुमच्याकडेच मागतोय, डिस्काउंट बघा.

रेझिनबाई

पाठव. प्रोलिनवालं फुकट देईन.